रोख दान आणि आफ्रिकेंतील एका शेतकऱ्याचें घर

(ज्युबिली सप्ताहांत सभामंडपांत दिलेलें व्याख्यान)



या आनंदाच्या आठवड्यांत चार शब्द बोलण्याची आम्हांला आज्ञा झाली, तेव्हां विषय कोणता घ्यावा याचा फारसा विचार करावा लागला नाहीं. गेले दोन महिने मदतनिधीच्या बैठकींत एकच वाद चालला आहे व तो आपणां सर्वांच्या कानीं आलेलाच आहे. जमलेली रक्कम गरजू कुटुंबांच्या हातीं रोख द्यावी, कीं तिचें धान्य, कापड, शिवणयंत्रें आणि छत्र्या घेऊन त्या वस्तु वांटाव्या? रोख देऊं नये म्हणणाऱ्यांत आम्ही स्वतः होतों. "पैसा हातीं पडला कीं तो गुत्त्यावर जातो," हें वाक्य बैठकींत प्रथम आम्हींच उच्चारलें, आणि चिटणीसांनीं तें इतिवृत्तांत जसेंच्या तसें उतरवून घेतलें आहे. आज त्याच वाक्याची तपासणी आपणांसमोर करावी असा आमचा मानस आहे.

त्यासाठीं आपणांला फार दूर, आफ्रिका खंडाच्या पूर्व भागांत यावें लागेल. इतक्या दूर कशाला, असें कोणी विचारील. कारण असें कीं, गरिबाला अट न घालतां पैसा दिला तर तो त्याचें काय करतो हा प्रश्न नुसत्या तर्कानें न सोडवितां प्रत्यक्ष मोजून पाहण्याचा जेवढा उद्योग तेथील खेड्यांत २०११ सालापासून झाला, तेवढा जगांत क्वचितच कोठें झाला असेल. आपण येथें अनुमानें बांधतों. तेथें घरोघर जाऊन हिशेब मांडले गेले आहेत.

केनिया देशाच्या पश्चिमेस व्हिक्टोरिया नांवाचें समुद्रासारखें विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या कांठाला सियाया नांवाचा जिल्हा लागतो. वस्ती बहुतेक लुओ लोकांची. विषुववृत्त अगदीं नजीक असल्यामुळें उन्हाळा आणि हिंवाळा यांत भेद थोडा. पावसाचे मात्र दोन हंगाम. मार्चपासून मे-जूनपर्यंत लांब पाऊस, आणि ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत आखूड पाऊस. शेती पुष्कळशी हातकुदळीवर चालते. मका, ज्वारी, घेवडा, कसावा, रताळीं हीं पिकें. मक्याचें पीठ उकळत्या पाण्यांत घोटून त्याचा घट्ट गोळा करतात, त्याला उगाली म्हणतात. सोबत पालेभाजी, आणि जमेल तेव्हां ओमेना नांवाची सरोवरांतली बोटाएवढी चंदेरी मासळी, उन्हांत कडक वाळविलेली. ज्यांच्या अंगणांत बोंबील वाळत घातले जातात त्यांना त्या घराचा वास परका वाटूं नये.

तेथलें एक घर आपण डोळ्यांपुढें आणूं. त्याला नांव देत नाहीं, कारण तें कोणा एकाचें घर नव्हे. तेथील हजारों कुटुंबांविषयीं जें लिहून ठेवलें आहे त्यावरून आम्हीं तें जुळविलें आहे. नवरा, बायको, चार मुलें आणि म्हातारी सासू. एक-दीड एकर जमीन, दोन शेळ्या, कांहीं कोंबड्या. भिंती मातीच्या, वर गवताचें छप्पर. या घराचें एक वर्ष कसें जातें तें पाहिल्याशिवाय पैशाचा विचार व्यर्थ आहे.

ऑगस्टच्या सुमारास लांब पावसाचा मका घरीं येतो. सर्वांचाच मका एकदम बाजारांत आल्यामुळें भाव पडलेला असतो. शहाणपण असें सांगतें कीं, आतां विकूं नये, कणगी भरून ठेवावी. पण दुकानदाराची उधारी उभी आहे. पुढें नाताळ आहे. जानेवारींत शाळेचें नवें वर्ष सुरू होतें, तेव्हां फी आणि गणवेष हवा. म्हणून मका विकला जातो. मार्च उजाडतो तेव्हां कणगीचा तळ दिसूं लागतो. एप्रिलपासून जुलैपर्यंतचे महिने हे त्या मुलखांत पोट आवळून काढण्याचे. त्या महिन्यांत तेंच कुटुंब तोच मका चढ्या भावानें विकत घेतें. स्वस्तांत विकावें आणि महाग घ्यावें, हा उलटा व्यापार पश्चिम केनियांतील शेतकरी दरवर्षीं करतात, हें अर्थशास्त्रज्ञांनीं आंकडे मांडून दाखविलें आहे. शेतकऱ्याला तें कळत नाहीं असें मात्र कोणीं समजूं नये. त्याला तें आपल्यापेक्षां चांगलें कळतें. परंतु जानेवारींतली फी जुलैपर्यंत थांबत नाहीं.

याहून वाईट गोष्ट पुढें आहे. कणगी रिकामी होते तेच दिवस शेतांत खुरपणीचे असतात. घरांत पीठ नाहीं, म्हणून नवरा किंवा बायको सकाळीं उठून दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जाते. संध्याकाळीं पीठ येतें खरें. पण त्या दिवशीं स्वतःच्या शेतांतलें तण वाढलेलें असतें. असे वीस दिवस गेले कीं ऑगस्टचें पीक तितकें उतरतें, आणि पुढच्या वर्षीं कणगी आणखी लवकर रिकामी होते. दक्षिणेकडील मलावी देशांत अशा मजुरीला गान्यू म्हणतात. तेथें पाऊस एकच, नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत. डिसेंबर ते मार्च हे उपासाचेहि महिने आणि खुरपणीचेहि. दुसऱ्याचें शेत राखण्यासाठीं आपलें शेत बुडवावें लागतें, हें तेथील गरिबीचें मर्म आहे. आळसाचा यांत कोठें संबंध येतो तें आम्हांला पुष्कळ शोधूनहि सांपडलें नाहीं.

आतां छपराची गोष्ट. गवताचें छप्पर वर्षा-दोन वर्षांनीं नवें करावें लागतें. आपल्याकडे शाकारणीची धांदल ज्यांनीं लहानपणीं पाहिली आहे त्यांना हें समजावून सांगायला नको. गवत, दोर, माणसांचें जेवण, सारें धरून दरवेळीं थोडा थोडा खर्च होतच राहतो. लोखंडी पत्रा एकदां घातला कीं पुष्कळ वर्षें पाहावें लागत नाहीं. हिशेबानें तो स्वस्त. पण त्याची रक्कम एकदम मोजावी लागते, आणि ज्या घरांत दर आठवड्याला कांहींतरी अडतें तेथें एकदम रक्कम जमत नाहीं. अशा रीतीनें गरीब मनुष्य छपरासाठींहि श्रीमंतापेक्षां अधिक पैसे भरतो.

या मुलखांत २०११ सालीं एक नवा प्रकार सुरू झाला. अमेरिकेंतील अर्थशास्त्राच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं मिळून 'गिव्हडायरेक्टली' नांवाची संस्था काढली होती. तिचें म्हणणें थोडक्यांत असें: वस्तु विकत घेणें, त्या गाडीनें नेणें, वांटणें, वर देखरेख ठेवणें, यांत जो खर्च होतो तो वांचवून पैसाच गरिबाला द्यावा, आणि तो कशावर खर्चावा हें त्याचें त्यालाच ठरवूं द्यावें. पैसा पोहोंचविण्याची सोय देशांत होतीच. केनियांत २००७ सालापासून 'एम-पेसा' नांवाची पद्धत चालू आहे. मोबाइलवर रक्कम येते, आणि गांवाजवळच्या दुकानदाराकडे जाऊन ती रोख करून घेतां येते. स्वाहिली भाषेंतला हा 'पेसा' म्हणजे आपला पैसाच. हिंदुस्थानी व्यापाऱ्यांच्या तोंडून तो शब्द तिकडे गेला असें मानतात.

सियायांतील रारिएदा भागांत गवताच्या छपरांच्या घरांची यादी करून चिठ्ठ्या टाकण्यांत आल्या. ज्यांची चिठ्ठी निघाली त्यांना पैसा, ज्यांची निघाली नाहीं त्यांना नाहीं. आणि मागाहून दोन्ही प्रकारच्या घरांची पाहणी. चिठ्ठी टाकण्याचें कारण असें कीं, मग दोन घरांत जो फरक दिसेल तो स्वभावाचा किंवा नशिबाचा न ठरतां पैशाचाच ठरतो. ही तपासणीची पद्धत गरिबीच्या प्रश्नांना लावून ज्यांनीं नांव कमाविलें, त्या अभिजित बॅनर्जी, एस्तेर द्युफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. यांपैकीं बॅनर्जी यांचा जन्म १९६१ सालचा, मुंबईचा, आणि त्यांच्या मातोश्री महाराष्ट्रीय. केनियांतील अशाच एका पुढच्या प्रयोगांत तेहि आहेत, त्याचा उल्लेख आम्ही नंतर करूं.

रारिएदांत कांहीं घरांना २५,२०० शिलिंग मिळाले, थोड्यांना ९५,२००. कांहीं घरीं पैसा नवऱ्याच्या नांवें गेला, कांहीं घरीं बायकोच्या. कांहींना एकरकमी, कांहींना महिन्याच्या महिन्याला. योहानेस हाउसहोफर आणि जेरेमी शापिरो या दोघांनीं केलेली ही पाहणी २०१६ सालीं छापून निघाली. ज्यांना पैसा मिळाला त्यांचा नित्य खर्च, म्हणजे मुख्यतः खाणें-पिणें, इतरांपेक्षां पांचव्या हिश्शाहून थोडा अधिक झाला. मुलांच्या ताटांत अन्न वाढलें. जनावरें वाढलीं. पुष्कळ घरांवर पत्रा चढला. ज्यांना महिन्याच्या महिन्याला मिळाला त्यांनीं मुख्यतः पोटाची सोय केली. ज्यांना एकदम मिळाला त्यांनीं टिकाऊ वस्तु केल्या. म्हणजे कोणत्या पैशाचें काय होतें हें त्यांना कोणीं शिकवावें लागलें नाहीं. नवऱ्याच्या हातीं गेला कीं बायकोच्या, यानें खर्चांत मोठासा फरक पडला नाहीं. आमच्या भगिनींची यानें थोडी निराशा होईल. परंतु त्याच घरांतून घेतलेल्या माहितीवरून असेंहि दिसलें कीं, पैसा आलेल्या घरांत बायकोला होणारी मारहाण कमी झाली. पीठ नसलेल्या घरांत भांडण कोठून सुरू होतें हें येथें बसलेल्यांपैकीं कांहींजणांना ठाऊक असेल.

आणि गुत्ता? दारू व तंबाखू यांवरचा खर्च वाढला नाहीं. आम्हांला वाटलें, केनियाची माणसें वेगळीं असतील. परंतु जागतिक बँकेच्या दोघां संशोधकांनीं २०१४ सालीं निरनिराळ्या खंडांतील अशा १९ पाहण्या एकत्र करून तपासल्या, तेव्हां एकंदरींत तेंच आढळलें. असा एखादा दारुडा निघणारच नाहीं असें कोणी म्हणत नाहीं. आमच्या शेजारींहि एक आहे, आणि बैठकींत तें वाक्य उच्चारतांना आमच्या डोळ्यांपुढें तोच होता. एका मनुष्याकडे पाहून आम्हीं साऱ्या अर्जदारांवर निकाल दिला होता.

आपण जुळविलेल्या घराकडे परत येऊं. या घरीं समजा पैसा मार्चमध्यें आला. पहिली गोष्ट, दुकानदाराची उधारी फिटते. दुसरी, एप्रिल-मेमध्यें पीठ विकत घेतां येतें, म्हणून दुसऱ्याच्या शेतावर जाणें कमी होतें आणि खुरपणी वेळेवर होते. बियाणें चांगलें, थोडें खत. ऑगस्टमध्यें मका आला तर तो घाईनें विकावा लागत नाहीं. मलावींत सरकारनें २००६ सालीं मचिंजी जिल्ह्यांत अत्यंत गरीब कुटुंबांना दरमहा थोडी रक्कम द्यायला आरंभ केला. त्यांत शाळेंत जाणाऱ्या मुलांसाठीं थोडी अधिक असे. तेथल्या अभ्यासकांना आढळलें कीं, रक्कम मिळालेल्या घरांतील मोठीं माणसें गान्यूवरून निघून स्वतःच्या शेतांत वळलीं. झांबियांतहि २०१० नंतर लहान मुलांच्या कुटुंबांना दिलेल्या मदतीनें असेंच झालें. पैसा मिळाला म्हणून लोक काम सोडून बसले, असें कोठेंहि आढळलें नाहीं. दुसऱ्याचें काम सोडून त्यांनीं आपलें काम धरलें. दान म्हणजे भाकरी असें आम्ही समजत होतों. या घराला मिळाले ते खुरपणीचे दिवस. भाकरी त्यांतून पुढें आली.

यानंतर आम्ही जें सांगणार आहों तें वाचतांना आम्हांला पुस्तक मिटून थोडा वेळ बसावें लागलें. २०१४ ते २०१७ या काळांत सियायांतच फार मोठा प्रयोग झाला. ६५३ खेडीं त्यांत धरलीं होतीं, आणि त्यांतल्या सुमारें निम्म्या खेड्यांतील १०,५०० हून अधिक घरांना दरएकीं सुमारें १,००० डॉलर मिळाले. ही रक्कम त्या घरांच्या वर्षाच्या खर्चाच्या सुमारें तीन-चतुर्थांश होती. पुढें २०२५ सालीं याच खेड्यांतील एक लाखाहून अधिक जन्मांची नोंद तपासण्यांत आली, तेव्हां असें दिसलें कीं, पैसा मिळालेल्या घरांत एक वर्षाच्या आंतील बालकांचे मृत्यु ४८ टक्क्यांनीं कमी झाले होते. जवळजवळ निम्मे. कारणें शोधतां दोन ठळक निघालीं. एक, बाळंतपणासाठीं स्त्रिया दवाखान्यांत गेल्या. वाटखर्च आणि दवाखान्याचा खर्च हातीं होता. दुसरें, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आणि बाळंतपणानंतर त्यांनीं कष्टाचें काम पुष्कळ कमी केलें. सातव्या-आठव्या महिन्यांत कुदळ घेऊन शेतांत उभी राहणारी बाई घरीं बसली. कोणीं तिला तसें सांगितलें नव्हतें, कोणीं अट घातली नव्हती. बसणें परवडतें एवढें दिसतांच ती बसली.

बंधुभगिनींनो, आपल्या दानांत कधीं कोणा गरोदर स्त्रीच्या विश्रांतीची तरतूद होती काय? आम्हीं समितीच्या जुन्या वह्या चाळल्या. तांदूळ आहे, डाळ आहे, चादरी आहेत, पाट्या आहेत. विश्रांति वस्तूंच्या यादींत लिहितां येत नाहीं.

शेजाऱ्यांचें काय, असाहि प्रश्न बैठकींत निघाला होता. चार घरांना पैसा मिळाला तर बाजार चढेल आणि उरलेल्यांना भुर्दंड बसेल. सियायांत हेंहि मोजलें गेलें. दिलेला पैसा घरांत राहिला नाहीं. पत्रा ठोकणाऱ्या सुताराकडे गेला, पिठाच्या गिरणीवर गेला, मोटारसायकलीवर भाडें मारणाऱ्या पोरांकडे गेला, किरकोळ दुकानदाराकडे गेला, आणि त्यांच्याकडून आणखी पुढें. बाहेरून आलेल्या एका शिलिंगामागें त्या भागाचें उत्पन्न सुमारें अडीच शिलिंगांनीं वाढलें, असा एगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०२२ सालीं प्रसिद्ध झालेला हिशेब आहे. ज्यांना कांहींच मिळालें नव्हतें त्यांचाहि खर्च सुमारें १३ टक्क्यांनीं वाढला. भाव चढले ते सरासरी ०.१ टक्का, म्हणजे न चढल्यासारखेच. याचें कारण सोपें आहे. त्या गांवांतली गिरणी अर्धा दिवस बंदच असते, दुकानदार गिऱ्हाइकाची वाट पाहत बसलेला असतो, सुताराला आठवड्यांतून दोनच दिवस काम असतें. मागणी आली तेव्हां माणसें होतींच; कामच नव्हतें.

आम्ही येथवर एकाच बाजूनें बोललों. दुसरी बाजू न सांगतां खालीं बसलों तर तें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

पैशानें पाऊस पडत नाहीं, रस्ता होत नाहीं, डॉक्टर येत नाहीं. वर सांगितलेला बालकांविषयींचा लाभ जेथें डॉक्टर असलेला दवाखाना जवळ होता तेथें अधिक झाला. आणि ज्या दिवसांत पैसा घरीं येत होता त्याच दिवसांच्या आसपास तो विशेष दिसला, पुढें ओसरला. युगांडा देशांत तरुणांना धंद्यासाठीं दिलेल्या रकमेचेंहि असेंच. चार वर्षांनीं ते इतरांच्या पुष्कळ पुढें होते. नऊ वर्षांनीं मिळकतींत इतरांनीं त्यांना गांठलें होतें. एकदां दिलेला पैसा जन्माचें दारिद्र्य फेडीत नाहीं. किती द्यावा, किती दिवस द्यावा, हा प्रश्न उरतोच. त्यासाठींच केनियांत एक लांब पल्ल्याचा प्रयोग २०१८ पासून मोठ्या प्रमाणावर सुरू झाला. कांहीं खेड्यांत प्रत्येक प्रौढ माणसाला दरमहा सुमारें साडेबावीस डॉलर, बारा वर्षें. कांहीं खेड्यांत तेवढेच, परंतु दोनच वर्षें. कांहीं खेड्यांत तेवढ्या दोन वर्षांची रक्कम एकदम. बॅनर्जी यांचा सहभाग याच प्रयोगांत आहे. २०२३ सालीं कळलेल्या आरंभींच्या फळांवरून दिसतें कीं, एकदम मिळालेल्यांनीं आणि बारा वर्षांचा भरंवसा मिळालेल्यांनीं लहानसहान धंदे अधिक काढले. दोन वर्षांसाठीं थोडें थोडें मिळालेले तितके पुढें गेले नाहींत. एकरकमी मिळालें तर भांडवल होतें. पुढचीं दहा वर्षें निश्चित असलीं तर त्या जोरावर माणूस भिशी लावतो, धाडस करतो. मधलें, थोडक्या दिवसांचें दान खाण्यांत जातें. आपल्या निधींतून दरमहा लहानशी रक्कम सहा महिने द्यावी अशी जी सूचना आली आहे, तिचा विचार करतांना हें ध्यानांत ठेवावें.

मग मत्सराची गोष्ट. एकाच वाडींत एकाचें छप्पर चकाकूं लागलें आणि शेजारचें काळें राहिलें, तर शेजाऱ्याला आपलें घर पूर्वींपेक्षां गरीब वाटतें. चिठ्ठी न निघालेल्या घरांचें समाधान उणावल्याचें रारिएदांत आढळलें आहे. मोठ्या प्रयोगांत शेजाऱ्यांचा लाभ दिसला म्हणून ही खंत खोटी ठरत नाहीं. पुढें पुढें त्या संस्थेनें वेचक घरें निवडण्याऐवजीं पुष्कळ ठिकाणीं साऱ्या गांवालाच देण्याचा प्रघात ठेवला, तो यासाठींच योग्य म्हणावा.

चोरी तर आहेच. काँगो देशाच्या पूर्व भागांत २०२२ सालीं सुरू झालेल्या एका लबाडींत याच संस्थेच्या कांहीं नोकरांनीं गरिबांच्या नांवचे सुमारें नऊ लाख डॉलर लाटले. संस्थेनें ती गोष्ट स्वतः जाहीर केली. रोख पैशाला वाटेंत पाय फुटतात, हें खरें. तांदळाच्या पोत्यालाहि फुटतात. तें पोतें कोणी मोजीत नाहीं एवढेंच.

सर्वांत विचार करायला लावणारी हकीकत मात्र सियायाच्या शेजारच्या होमा बे जिल्ह्याची आहे. २०१५ च्या सुमारास संस्थेचीं माणसें तेथें गेलीं, तेव्हां पात्र ठरलेल्या लोकांपैकीं ४५ टक्क्यांहून अधिक लोकांनीं पैसा घ्यायलाच नकार दिला. गांवांतून अफवा उठली होती कीं, हा पैसा सैतानाच्या उपासकांचा आहे. आज फुकट देतील, उद्यां मुलें मागतील. हें वाचून शहरांतल्या वाचकाला हसूं येईल. आम्हांला आलें नाहीं. ज्यांच्या दारीं आजवर जो जो मनुष्य कांहीं घेऊन आला, त्यानें बदल्यांत कांहीं ना कांहीं मागितलेंच: मत, जमीन, सही, हजेरी, जयजयकार. त्यांच्या दारीं एकदां कोणी कांहींच न मागणारा आला. त्याला त्यांनीं माणूस मानलें नाहीं, यांत दोष त्यांच्या भोळेपणाचा किती आणि पूर्वींच्या दात्यांचा किती?

आतां आमच्या स्वतःच्या एका गोष्टीची कबुली देऊन आम्ही आटोपतें घेतों. गेल्या जुलै महिन्यांत समितीच्या कामासाठीं आम्ही एका विधवा बाईच्या घरीं गेलों होतों. घर कोणाचें तें विचारूं नये. पाऊस कोसळत होता. आंत शिरतांच भिंतीला टांगलेल्या तीन नव्या छत्र्या दिसल्या. एक आम्हींच वांटलेली. दुसरी एका मंडळाची. तिसरी निवडणुकीच्या वेळची, तिच्यावर चित्र होतें. आणि आढ्यापासून चुलीपर्यंत घर गळत होतें. चुलीवर परात धरलेली, खालीं पातेलीं मांडलेलीं. आम्हीं विचारलें, "बाय, छप्पराचें काय?" ती म्हणाली, "दादा, कौलवाला सगळें मिळून एकदम पैसे मागतो." आणि मग हंसून म्हणाली, "छत्र्या चांगल्या आहेत. रात्रीं पोरांच्या डोक्यावर धरून बसतें."

त्या वेळीं आम्हांला ही एक विनोदी बाई वाटली. केनियांतल्या त्या गवताच्या छपरांविषयीं वाचलें तेव्हां तिच्या बोलण्याचा अर्थ लागला. ती आम्हांला नेमका हिशेब सांगत होती. आम्ही छत्र्यांची पावती फाडून निघून आलों.

"पैसा गुत्त्यावर जातो" हें आमचें वाक्य इतिवृत्तांतून खोडावें असें आम्ही म्हणत नाहीं. तें राहूं द्यावें, आणि त्याच्या समोर आजची तारीख घालून आमचें मत बदलल्याची नोंद करावी. समितीची पुढील बैठक येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर आहे. अर्ज आलेल्या घरांना रोख आणि एकरकमी द्यावें, कशासाठीं तें विचारूं नये, व आपल्यांतील ज्या घरीं यंदा बाळंतपण आहे तीं घरें प्रथम घ्यावीं, असा ठराव आम्ही मांडणार आहों. त्याला विरोध करणाऱ्यांनीं आपलीं कारणें अवश्य घेऊन यावें. आणि छत्र्यांचें जें दरपत्रक मागविलें आहे, तें तोंपर्यंत चिटणीसांनीं तसेंच ठेवावें, एवढी आमची त्यांना विनंती आहे.